ओटचा ढग

चहात साय सोडणारा हात आपलाच असला, तरी तो दर वेळी आपलं ऐकेल असं नाही, हे गेस्केला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळलं. उशिरा कळलं आणि फार वाईट तऱ्हेने कळलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिची नात येल्डा तेव्हा नऊ वर्षांची होती. पोरीला दुधाचं वावडं. पोट बिघडण्यापुरतं नव्हे. घोटभर गेलं तरी ओठ सुजायचे, गळा आवळायचा, श्वास कोंडायचा. घरात हे सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी ती पहिल्यांदाच मोठ्यांच्या टेबलाशी बसून, गुलाबाच्या नक्षीच्या पातळ कपातून चहा पीत होती. गेस्केने तिला पहिला कप बिनसायीचा दिला. दुसराही दिला. मग गप्पा रंगल्या.

एम्डेनकडच्या त्या मुलखात तीन कप म्हणजे पाहुण्याचा हक्कच. चमचा कपात उभा करून ठेवला की पुरे झालं; तो बशीत आडवा असेल तोवर घरची बाई ओतत राहणार, विचारायची नाही. येल्डाचा चमचा बशीत होता. गेस्केने बोलता बोलता खडीसाखरेचा खडा टाकला, वर चहा ओतला, आणि पन्नास वर्षं जे करत आला तेच तिच्या हाताने केलं. सासूच्या चांदीच्या छोट्या पळीने कपाच्या कडेला साय सोडली. साय तळाला गेली, ढगासारखी फुलून वर आली, आणि पोर ती प्यायली.

पाचव्या मिनिटाला पोरीचा आवाज बसला. इन्साने, म्हणजे पोरीच्या आईने, विचारलं, "आई, हिच्या कपात साय घातलीस?"

"नाही," गेस्के म्हणाली.

इन्साने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा गेस्केने नाहीच म्हटलं. ती खोटं बोलत नव्हती, तिच्या हाताने काय केलं ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. मग संशय केकवर गेला, बिस्किटांवर गेला, कचऱ्याच्या डब्यातली वेष्टनं काढून वाचून झाली. चार मिनिटं गेली. तेव्हा कुठे कुणीतरी कपाच्या तळाशी पाहिलं.

पोर वाचली. एम्डेनच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी हसत घरी गेली. जाताना म्हणाली, "आजी, मला वाटलं तू माझ्यासाठी वेगळा ढग केलास." हे वाक्य गेस्केच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच.

इन्सा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त यायची थांबली. गेस्के आगगाडीने ब्रेमेनला जायची, लेकीच्या घरी पाहुणीसारखी बसायची, चहा इन्सा करायची. सुट्टीत नातीला गावी पाठव असं म्हणायची गेस्केची छाती झाली नाही आणि इन्साने विषय काढला नाही.

या वर्षी काढला तो येल्डानेच. ती आता अकराची. ईस्टरच्या सुट्टीत तिला गावी यायचं होतं, शेजारच्या ओको आजोबांकडून लांब काठीवर भार टाकून पाण्याचे चर ओलांडायला शिकायचं होतं. तिने फोनवर आजीला तसं सांगितलं, आणि शेवटी आवाज बारीक करून म्हणाली, "आणि मला ढग हवा. मला चालेल असा." मग फोन इन्साने घेतला. ती म्हणाली, सुट्टीतल्या पहिल्या शनिवारी तीन वाजता चहाला येतो. बॅग गाडीतच राहील. चहा झाला की बघू.

शनिवारला तीन आठवडे होते.

दुसऱ्याच दिवशी गेस्के सायकल काढून दुकानात गेली आणि जन्मात कधी ज्या फळीपुढे थांबली नव्हती तिथे पाऊण तास उभी राहिली. लग्न होऊन ती या घरी आली ती गाईंच्याच घरी. नवरा एन्नो असेपर्यंत दुधातून साय काढायचं यंत्र तिच्याच ताब्यात होतं. दूध पाहून ते कुठल्या गाईचं हे सांगेल अशी बाई ती, आणि आता चष्मा नाकावर ओढून वाटाण्याच्या दुधाची चिठ्ठी वाचत होती.

सोयाचं दूध पहिल्याच कपात फाटलं. तिकडचा चहा कडक, काळाकुट्ट. त्यात पडल्याबरोबर ते दाणे दाणे होऊन तळाला बसलं. बदामाचं दूध फाटलं नाही, पण त्या कपाला नाताळच्या मिठाईचा वास येत राहिला. नारळाच्या सायीचा ढग असा देखणा उठला की गेस्केचे डोळे भरून आले. मग तिने घोट घेतला आणि तोंडात उन्हाळ्यात किनाऱ्यावर लोक अंगाला चोपडतात ते मलम आल्यासारखं झालं. तांदळाचं म्हणजे कॅन विसळलेलं पाणी. वाटाण्याचं ती एकदा प्यायली आणि त्याबद्दल कुणाशी बोलली नाही.

ओटचं तेवढं चवीला चहाशी जमवून घेत होतं. जरा पिठूळ, जरा गोड, पण भांडखोर नव्हतं. मात्र ते कपात सोडलं की दगडासारखं तळाशी जायचं आणि तिथेच राहायचं. ढवळलं तर मिसळलं असतं. पण चहा ढवळणं त्या मुलखाच्या रीतीत बसत नाही. वर साय, मध्ये कडू, तळाशी गोड, अशा तीन चवी एकामागून एक यायला हव्यात.

मग एका दुपारी, तेविसाव्या की चोविसाव्या कपाला, गेस्केला आपल्याच सायीच्या यंत्राची आठवण झाली. साय वर का येते, तर तिच्यात स्निग्धपण असतं म्हणून. ओटमध्ये ते नाही म्हणून ते बुडतं. तिने वाटीभर दाट ओटच्या दुधात दोन चमचे बिनवासाचं तेल घातलं, हात भरून येईस्तोवर घुसळलं, आणि पळीने कपाच्या कडेला सोडलं. ते खाली गेलं. गेस्के श्वास धरून पाहत राहिली. सातपर्यंत मोजेस्तोवर काही नाही. मग तळातून एक करडा, फाटक्या कडेचा ढग निघाला आणि आळसावलेल्या म्हातारीसारखा वर आला.

त्यानंतर तिने रोज चार-पाच कप केले. तेल किती, घुसळणं किती, चहा किती गरम. तो ढग तिच्या इतक्या ओळखीचा झाला की तो कुठल्या आकड्याला निघेल आणि कुठल्या कडेला आधी फाटेल हेही ती सांगू शकली असती.

हे सगळं ओकोसमोर चालायचं. ओको तिचा धाकटा दीर. अंगणाच्या पलीकडे राहायचा, बेचाळीस गाई आता त्याच्याच होत्या. थेडा, त्याची बायको, गेल्यापासून तो रोज तीनच्या ठोक्याला वहिनीच्या टेबलाशी येऊन बसायचा. तो एकेक कप पाहून तोंड वाकडं करी.

"वहिनी, घोड्याचा खुराक चहात घालतेस," तो म्हणाला. "उद्या माझ्या पायाला नाल ठोकशील."

"तुझ्या पायांना ठोकायला लोहार तयार व्हायला हवा ना," गेस्के घुसळता घुसळता म्हणाली.

शेवटच्या आठवड्यात तिने घरातून दुधाचा थेंबन् थेंब हाकलला. लोणी, चीज, साय, सगळं ओकोच्या फ्रीजमध्ये गेलं. सायीच्या जुन्या चंबूला केसाएवढी चीर होती; तिच्यात काय मुरलं असेल कोण जाणे म्हणून तो माळ्यावर टाकला आणि नवा पांढरा चंबू आणला. पळी तीनदा उकळली. आठवडाभर ओकोलाही ओटचाच ढग प्यावा लागला. तो खिडकीतून आपल्या गाईंकडे बघत प्यायचा, जशी काही त्यांची माफीच मागतोय.

"थेडालाही दूध पचत नव्हतं," एकदा तो कुरकुरला. "पण तिने असले चाळे नाही केले. तिच्यासाठी दुकानात वेगळं मिळायचं."

"ते वेगळं रे," गेस्के म्हणाली. ती तेल मोजत होती. तेव्हाच हातातलं ठेवून त्याला नीट सांगायला हवं होतं. तिने ठेवलं नाही.

शनिवारी तीनला पाच कमी असताना गाडी आली. आधी इन्सा उतरली, मग येल्डा. पोर वीतभर उंच झाली होती, पळत येऊन आजीला बिलगली. गाडीचं मागचं झाकण बंदच राहिलं. गेस्केने ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

इन्सा स्वयंपाकघरात आली. "बघू का, आई?" असं तिने साधेपणाने विचारलं, आणि फ्रीज उघडला. वेष्टनं वाचली. नवा चंबू नाकाशी नेला. केक कशातला, तर तेलातला, सफरचंदाचा. लोणी कुठे, तर ओकोकडे. फडकी कधी धुतली, तर काल, उकळत्या पाण्यात. गेस्के शाळेतल्या मुलीसारखी उभी राहून एकेक उत्तर देत होती. इन्साने शेवटी खांद्यावरची पिशवी उघडून दोन जाड पेनांसारखी इंजेक्शनं टेबलाच्या कोपऱ्यावर, साखरेच्या भांड्याशेजारी ठेवली. 

ओको आधीच येऊन बसला होता. केस पाणी लावून चापून बसवलेले, अंगात ठेवणीतला कोट. स्वयंपाकघरात ऊब असूनही कोट काढेना.

पहिला कप ओतला. खडीसाखर तडकली. गेस्केने पळी उचलली तेव्हा तिघंही तिच्या हाताकडे पाहत होते, आणि सगळ्यांत जास्त ती स्वतः. तिने कडेला ओट सोडलं आणि मनात मोजायला लागली. सातला करडा ढग निघाला.

"आला," येल्डा हळूच म्हणाली. तिने कप दोन्ही हातांत धरून घोट घेतला, आणि इन्साने तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. केकचे तुकडे वाटून झाले. पोर चरात पडलेल्या मुलांची नावं विचारत होती, ओको सांगत होता. पाच मिनिटं गेली. दहा गेली. इन्साने स्वतःच्या कपातला पहिला घोट घेतला.

"वाईट नाही," ती म्हणाली.

"ढग कसला, धुरळा तो," ओको म्हणाला. "पोर दोन वर्षांनी आली आणि आपण तिला धुरळा पाजतो."

इन्सा पुसटशी हसली. मग उठली, वरची खोली बघते म्हणाली. गेस्के आणि येल्डा तिच्या मागून जिना चढल्या.

खोलीत खिडकीशी पलंग होता आणि भिंतीवर गेस्केच्या ठसठशीत अक्षरात एक कागद: फोनचे आकडे, औषधाचे थेंब, काय झालं तर आधी काय, मग काय. इन्साने तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग मागे न वळताच तिने विचारलं की इंजेक्शन कुठे टोचायचं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, गेस्केने सांगितलं, कपड्यावरून चालतं, घट्ट दाबून धरायचं, आणि लगेच फोन. कुणी शिकवलं, तर एम्डेनच्या औषधांच्या दुकानातल्या मुलीने. तीन वेळा गेल्यावर तिने कंटाळून सरावाचं खोटं पेनच देऊन टाकलं.

"सराव कुणावर केलास?"

"उशीवर," गेस्के म्हणाली. "आणि ओकोवर."

येल्डा पलंगावर पडून खदखदून हसली. इन्साने कागदाची निघालेली एक कड अंगठ्याने दाबून बसवली. एवढंच केलं, पण गेस्केच्या छातीवरचा धोंडा बोटभर सरकला.

त्या खाली आल्या तेव्हा ओको आपल्या जागी बसला होता आणि फार खुशीत होता. "ओत, वहिनी, चहा कडू होईल," म्हणाला. गेस्केला एरवी या घाईचं नवल वाटलं असतं. पण तेवढ्यात इन्सा बोलायला लागली होती.

"मला गुरुवारी सकाळी सुट्टी आहे," इन्सा म्हणाली. "तेव्हा न्यायला येईन."

गेस्केने खडे टाकले. किटली उचलली. तिचे डोळे लेकीच्या तोंडावर खिळलेले होते. शनिवार ते गुरुवार. पाच रात्री. तिने इन्साच्या कपात ओतलं, पळी चंबूत बुडवली, कडेला सोडली.

"फोन रोज संध्याकाळी. आणि बाहेर कुणाकडे काही खायचं नाही, ओकोकाकांकडेही."

येल्डाचा कप. चहा, पळी. पळी जराशी जड लागली, पण इन्सा पुढे बोलत होती.

"हा कप झाला की बॅग काढते गाडीतून."

गेस्केने मान हलवली. बोलायला गेली असती तर रडली असती. ओकोचा कप भरला. मग स्वतःचा. आणि आता कुणी बोलत नव्हतं म्हणून तिने खाली, आपल्या कपात पाहिलं.

सातपर्यंत मोजावंच लागलं नाही. ढग केव्हाच वर आला होता. पांढराशुभ्र, गोल, कडेपर्यंत भरून फुललेला. त्यात करडेपणा नव्हता, फाटकी कड नव्हती. हा ढग गेस्केने आयुष्यात लाखभर वेळा पाहिला होता.

समोर ओको मिशीत हसत होता, गंमत लपवून ठेवलेल्या पोरासारखा.

येल्डाने कप ओठांना लावला.

गेस्केचा हात टेबलावरून गेला. बशी, चमचा, केकची ताटली, सगळं ओलांडून गेला आणि कपावर बसला. कप उडाला, कडेला आपटून फुटला, आणि गरम चहा गेस्केच्याच मनगटावरून टेबलक्लॉथवर पसरला.

 मग इन्सा म्हणाली, "अगं आई, भाजलं का?" आणि फडकं आणायला उठली. तिच्या आवाजात राग नव्हता. म्हाताऱ्या बाईचा हात गडबडला, त्यात काय एवढं. ओको म्हणाला, फुटक्या कपाने भाग्य येतं. येल्डा हात मागे घेऊन बसली होती.

गप्प राहिलं तर भागत होतं. चंबू पालथा करायचा, धडपडले म्हणायचं, ओकोला नंतर अंगणात गाठायचं. बॅग गाडीतून उतरली असती. गेस्केला हे सगळं एका झपाट्यात दिसलं, जसं काही कुणी समोर मांडून ठेवलं होतं.

पण पोरीचा वरचा ओठ ओला होता.

"इन्सा," गेस्के म्हणाली, "त्यात दूध आहे. तिच्या ओठाला लागलंय. खरी साय आहे ती. मीच ओतली."

इन्साच्या हातातलं फडकं खाली पडलं. पण नंतर तिने एक क्षण वाया घालवला नाही. पोरीला मोरीशी नेलं, तोंड धुतलं, चूळ भरवली, पुन्हा भरवली. गिळलंस का? नाही. नक्की? नुसता ओठ लागला, येल्डा म्हणाली, आजीचा हात आला. थेंबांची बाटली निघाली, थेंब दिले. इन्साने पोरीला खुर्चीत बसवलं, एक इंजेक्शन हातात घेऊन झाकण काढलं आणि फोन मांडीवर ठेवला. गेस्केने घड्याळ पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "तीन वाजून चौतीस मिनिटं."

ओको उभा राहिला होता. त्याला काही समजत नव्हतं. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक रिकामं खोकं काढून टेबलावर ठेवलं. दुकानातली साय. जन्मात ज्याने दुधाचा थेंब विकत घेतला नव्हता, तो माणूस आठ मैलांवरच्या गावी गेला होता, इथल्या दुकानात कुणी पाहू नये म्हणून. त्या तिघी वर असताना त्याने ओट मोरीत ओतलं, चंबू स्वच्छ विसळला आणि हे भरलं.

"हे बिनलॅक्टोजचं आहे," तो म्हणाला. "लिहिलंय त्याच्यावर. थेडा हेच प्यायची. पोरीला एकदा खरा ढग मिळावा म्हणून..."

"काका, लॅक्टोज ही दुधातली साखर," इन्सा म्हणाली. ती पोरीच्या तोंडावरून नजर काढत नव्हती. "थेडाकाकूला साखर पचत नव्हती. हिला दूधच चालत नाही. त्यातून साखर काढली तरी ते दूधच राहतं."

ओको खाली बसला. त्याच्या तोंडचा रंग गेला. त्याने ते खोकं पुन्हा हातात घेतलं, वाचलं, आणि उलटं ठेवलं.

तीन छत्तीसला येल्डाच्या ओठावर मसुरीएवढा लाल फोड आला.

"बोल," इन्सा म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. मला आवाज ऐकू दे."

पोरीने आपल्या वर्गातल्या मुलींची नावं घ्यायला सुरुवात केली. आवाज साफ होता. गेस्के प्रत्येक नाव कान देऊन ऐकत होती, जणू त्यातलं एखादं घोगरं निघालं तर तिलाच पकडायचं होतं. मुली संपल्या. मग मुलं, मग शिक्षक. तीन एक्केचाळीस. फोड मसुरीचा वाटाणा झाला. इन्साचा अंगठा इंजेक्शनवर पांढरा पडला होता. येल्डा आता ब्रेमेनच्या ट्रामचे थांबे म्हणत होती. थांबे संपले तेव्हा ओकोने घसा खाकरून आपल्या गाईंची नावं सांगितली, एकेक, आणि पोर त्याच्यामागून म्हणत गेली. बेचाळीस गाई. गेस्केने त्या इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकल्या नव्हत्या.

तीन बावन्नला फोड होता तेवढाच होता. चारला त्याची लाली उतरायला लागली. इन्साने पोरीला जीभ काढायला लावली, श्वास घ्यायला लावला, पाठीला कान लावून ऐकला. मग इंजेक्शनला झाकण लावलं. 

"आजोबा, गाई संपल्या का?" येल्डाने विचारलं.

"संपल्या," ओको म्हणाला. डोळे पुसायला तो रुमाल काढत होता आणि रुमाल खिशात अडकला होता.

गेस्केने टेबलक्लॉथ गोळा केला. फुटक्या कपाचे तुकडे वेचले. मनगट लाल झालं होतं, ते तिने बाहीखाली झाकलं. आता काय उरलं होतं? तिच्या घरात, तिच्या चंबूतून, तिच्या हाताने पुन्हा तेच झालं होतं. आता पोरीला कोट चढवला जाईल. तिने कोपऱ्यातल्या खुंटीकडे पाहायचं टाळलं.

इन्सा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि बाही वर सारून मनगट पाहिलं. नळ सोडून ते पाण्याखाली धरलं.

"तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं," ती म्हणाली.

"नसतं."

"बॅग काढते म्हणाले होते मी. ते ऐकूनही बोललीस."

 पाणी मनगटावरून वाहत होतं.

"त्या वेळी साय पडली त्याचा राग नव्हता मला, आई," इन्सा खालच्या आवाजात म्हणाली. "हात आहे, चुकतो. पण मी तीनदा विचारलं आणि तू तीनदा नाही म्हणालीस. ती चार मिनिटं मी अजून मोजते."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"माहीत आहे. म्हणूनच भीती वाटायची. तुला ठाऊकच नसेल तर तू सांगणार काय?" तिने नळ बंद केला. "आज तुला ठाऊक होतं. कसं कळलं?"

गेस्केने थोडा विचार केला. "ढग फार चांगला आला," ती म्हणाली. "माझा इतका चांगला येत नाही."

इन्साने तिच्याकडे पाहिलं. मग पदरासारखं खांद्यावर टाकलेलं फडकं काढून आईचा हात कोरडा केला, एकेक बोट, आणि बाहेर निघून गेली.

अंगणातली खडी वाजली. गेस्के मोरीशी उभी राहून ऐकत होती. गाडीचं पुढचं दार उघडलं असतं तर त्याचा आवाज बारीक, मागच्या झाकणाचा जाड. ओकोही ऐकत होता. येल्डा खुर्चीत पाय हलवत होती, तीही थांबली. बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. इन्सा नुसती गाडीशी उभी असावी.

मग झाकण उघडलं.

बॅग लाल होती आणि पोरीच्या मानाने फारच मोठी. इन्साने ती उंबऱ्यावर ठेवली, पण आत ढकलली नाही. "गुरुवारपर्यंत," ती म्हणाली. "आणि काका, तुम्ही इकडे या."

ओको गेला. इन्साने त्याला उंबऱ्यावर उभं केलं आणि सांगितलं की आजपासून या दारातून आत यायचं तर खिसे रिकामे करून. पाच दिवस, दर वेळी. राजीखुशीने करत असाल तर ठीक.

बेचाळीस गाईंच्या मालकाने मान खाली घालून कोट काढला आणि खिसे बाकावर उलटे केले. सुतळी निघाली, चाकू निघाला, गाईच्या कानातला पिवळा बिल्ला, दोन खिळे, आणि कधीपासून पडून असलेली, सोनेरी कागदातली एक टॉफी.

तिघींनीही त्या टॉफीकडे पाहिलं.

"सायीची आहे," ओको पुटपुटला. "पण ही मी माझ्यासाठी..."

गेस्केने ती चिमटीत उचलली, अंगणात गेली आणि कुंपणापलीकडे भिरकावून दिली. परत येऊन तिने साबणाने हात धुतले, दोनदा. मग फळीवरून नवी वाटी काढली, ओटचं खोकं उघडलं, पळी उकळायला ठेवली.

"तिसरा कप राहिलाय," ती म्हणाली, आणि घुसळायला बसली. इन्साचा चमचा बशीत आडवा होता. या खेपेला गेस्केने तो आधी नीट पाहून घेतला.